जुन्या ब्रॅनॉकचा अंगठा

व्हर्जिल टॅकेटच्या मांडीतून जी गोळी गेली ती माझ्या पिस्तुलातली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ‘ही नेमकं तेवढंच लपवतेय’ असं नंतर कुणी म्हणायला नको. बाकीचं सगळं हॅझलेट काउंटीतल्या लोकांनी मला न विचारताच ठरवून टाकलं होतं. लोर्ना कोगर घाबरली. बाईमाणूस, हातातलं पिस्तूल सांभाळता आलं नाही. पेंडीच्या दुकानाबाहेरच्या बाकावर बसून ज्यांनी हे ठरवलं, त्यांतल्या एकाच्याही अंगावर आजवर कुणी धावून गेलेलं नाही, बायको सोडून.

झालं ते असं. तुरुंगात एका पोराची भुवई फुटली होती, टाके घालायला मी आणि व्हर्जिल त्याला इस्पितळात घेऊन गेलो. दोघेही डेप्युटी, म्हणजे काउंटीचे पोलीस, एकाच गाडीत किती वर्षं बसलो ते मोजत नाही. व्हर्जिल दाराशी, मी खाटेजवळ. डॉक्टर म्हणाले एका हाताची बेडी काढा, मला नीट बसून काम करता येत नाही. काढली, दोन्ही हात मोकळे झाले. त्या पोराने टाक्याची सुई जवळ येईपर्यंत वाट पाहिली आणि सरळ माझ्या कमरेवर झेप घेतली. होल्स्टरचा पट्टा कसा सुटला मला कळलं नाही. कळलं तेव्हा पिस्तूल अर्धं बाहेर होतं आणि त्यावर तीन हात होते, दोन त्याचे, एक माझा.

मी घाबरले नाही. घाबरलेलं माणूस काहीतरी भलतंच करतं. मी नेमकं तेच केलं जे मला शिकवलं होतं. अंगठ्याने बटण दाबलं. मुठीतलं गोळ्यांचं मॅगझिन खाली पडलं, फरशीवर खणकन वाजलं. तो आवाज ऐकला आणि मी पिस्तूल सोडून त्या पोराची मानगूट धरली, कारण आता त्याच्या हातात लोखंड होतं, पिस्तूल नव्हतं. व्हर्जिलनेही तो आवाज ऐकला आणि तो बेधडक समोरून आला, कारण त्यालाही तेच शिकवलं होतं.

आणि ते लोखंड उडालं.

आता हे ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी. आमच्या खात्यात मी भरती व्हायच्या आधीपासून ब्रॅनॉक पिस्तूल होतं. जुनं ब्रॅनॉक. त्यात एक नखाएवढी पट्टी असायची. मॅगझिन आत असेल तरच चाप चालायचा. मॅगझिन काढलं की नळीत गोळी बसलेली असली तरी चाप ओढून बोट दुखेल, गोळी सुटणार नाही. म्हणून आम्हाला शिकवायचे: कुणी तुझ्या पिस्तुलावर हात टाकला आणि ओढाताण सुरू झाली, तर आधी बटण दाब. आम्ही त्याला ‘मारणं’ म्हणायचो. दर वसंतात तुरुंगामागच्या अंगणात, रिकामी पिस्तुलं घेऊन, दोघं-दोघं चिखलात लोळायचो आणि सार्जंट डोक्यावर उभा राहून ओरडायचा, “मार त्याला. आधी त्याला मार, मग माणसाला धर.” अंगठ्याला फोड यायचे. फोड फुटून घट्टा पडला की सार्जंट म्हणायचा, आता तू कामाची झालीस.

त्या सार्जंटचं नाव गार्लंड मीक्स. आज तो शेरीफ आहे, आमच्या खात्याचा प्रमुख, आणि नोव्हेंबरात पुन्हा निवडणुकीला उभा आहे.

गेल्या वर्षी जुनी पिस्तुलं एका व्यापाऱ्याला देऊन अदलाबदलीत नवी घेतली. नाव तेच, वजन तेच, होल्स्टरसुद्धा तीच. मीक्सने ती सकाळच्या हजेरीला डब्यांतून वाटली, नाताळात पोरांना खेळणी वाटतात तशी. म्हणाला, “तेच आहे, फक्त चांगलं आहे.” आम्ही टेकडीखाली जाऊन कागदावर गोळ्या मारल्या, सगळ्यांचे नेम आधीपेक्षा बरे लागले, आणि शिक्षण संपलं.

व्हर्जिल इस्पितळातून घरी आला त्या आठवड्यात मी त्याच्या स्वयंपाकघरात बसले होते. त्याची निवृत्ती जवळ आलेली म्हणून त्याने जुनं ब्रॅनॉक सोडलं नव्हतं. जायला आलेल्या माणसाकडून पिस्तूल काढून घेत नाहीत, आमच्यात अशी रीत आहे. त्याने ते टेबलावर ठेवलं. शेजारी मी दुकानातून बघायला आणलेलं नवं ठेवलं. माझं स्वतःचं तर पुरावा म्हणून कपाटात बंद होतं.

“बघ,” मी म्हटलं. “शोध फरक.”

“माझ्या मांडीला विचार,” व्हर्जिल म्हणाला. “तिला एका दमात सांगता येईल.”

फरक होते, नव्हते असं नाही. नव्याची मूठ खरखरीत. नेमाचे ठिपके अंधारात चमकणारे. वरच्या पोलादावर पुढच्या बाजूलाही खाचा, बोटं अडकवायला. आणि चाप. जुन्याचा चाप म्हणजे गंजलेलं फाटक ढकलल्यासारखा. नव्याचा असा सुटतो की पिकलेलं फळ देठापासून सुटावं. या चापावर देशभरातल्या हौशी लोकांनी किती लाळ गाळली असेल त्याला मोजमाप नाही. दुकानाच्या काउंटरवर, मासिकांत, फोनवरच्या त्या दाढीवाल्यांच्या व्हिडिओंत, जिथे जावं तिथे जुनं विरुद्ध नवं. मूठ कशी, खाचा कशा, रंग कोणता, चाप किती हलका. आणि तो हलका कशामुळे झाला? ती नखाएवढी पट्टी काढून टाकली म्हणून. ती चापाला घासायची. हौशी लोक वर्षानुवर्षं कुरकुरत होते की हा भाग वकिलांच्या भीतीने घातलाय, मर्दाच्या पिस्तुलात याचं काय काम. कंपनीने ऐकलं. गिऱ्हाईक देव असतो. काढली पट्टी.

मी त्या आठवड्यात तसले व्हिडिओ डोळे फुटेस्तोवर बघितले. एकाने या गोष्टीवर अर्धं वाक्य खर्च केलं होतं, तेही आनंदाचं: “आणि देवाची कृपा, ती मॅगझिनवाली कटकट गेली.” मग पुन्हा मुठीचा खरखरीतपणा.

ज्यांनी कधी पिस्तूल कमरेला लावून माणसाला उचललं नाही, ते आमच्यासाठी पिस्तूल कसं असावं ते ठरवतात. हे मी कुणाच्याही तोंडावर बोलेन.

“तुला माहीत होतं?” मी व्हर्जिलला विचारलं.

“पट्टी नाही ते? माहीत असतं तर मी तुझ्यासमोर पळत आलो असतो का, पोरी? मी डॉक्टरच्या मागे लपलो असतो. डॉक्टर चांगला रुंद होता.”

शनिवारी मीक्स माझ्या ओसरीवर आला. टोपी हातात, दुसऱ्या हातात बायकोने फडक्यात बांधून दिलेले पेपरोनी रोल, मांस भरलेले पाव.

“नोरीनने पाठवलेत. गरम आहेत.”

“ठेवा तिथे.”

“व्हर्जिल बरा दिसतोय.”

“बसलेला बरा दिसतो. उभं राहायला सांगू नका.”

तो पायरीवर बसला. माझ्याकडे न बघता समोरच्या डोंगराकडे बघत बोलू लागला. वाईट काही बोलायचं असलं की तो तसंच करतो, सार्जंट असल्यापासून. “गुरुवारी चौकशी समितीपुढे फार बोलू नकोस. एवढंच म्हण, गडबडीत बटण दाबलं गेलं, चूक झाली. मी म्हणेन चांगली डेप्युटी आहे, एकदा होतं. थोडे दिवस घरी बसशील, हरणं मारशील, परत येशील.”

“दाबलं गेलं नाही. मी दाबलं.”

“तेच ते.”

“तेच कसं? दाबायला तुम्ही शिकवलंत. माझ्या डोक्यावर उभे राहून.”

“जुन्यावर शिकवलं होतं.”

“मग नवं हातात दिलंत तेव्हा काय शिकवलंत?”

त्याने टोपीची कड बोटांत फिरवली. “डब्यात पुस्तिका होती, लोर्ना. सगळं छापलंय त्यात.”

“तुम्ही वाचलीत?”

डोंगर अजून तिथेच होता, मीक्स त्याच्याकडे बघत राहिला.

“आणि मी नाही म्हटलं तर?” मी विचारलं.

“तर मला तुला ठेवता येणार नाही. काउंटीचा वकील मानगुटीवर बसलाय. कुणाची तरी चूक लागतेच, आणि पिस्तूल तुझं होतं.” मग जरा हळू, “तुझं घर, तुझं इथलं सगळं मला माहीत आहे. मी तुझं वाईट चिंततोय असं समजू नकोस.”

तो खोटं बोलत नव्हता. हीच तर चीड आणणारी गोष्ट. मीक्स वाईट माणूस नाही. माझ्या वडिलांना खाणीत छातीचा आजार झाला तेव्हा त्याने आमच्या घरी लाकडं फोडून दिली होती. आमच्याकडे खाण बंद, करवतीची गिरणी बंद, बॅज गेला की उरतं ते सवलतीच्या दुकानातलं गल्ल्यावरचं स्टूल. तिथे बसून मी रोज त्याच लोकांची साबणं पिशवीत भरली असती ज्यांनी बाकावर बसून माझा निकाल लावला. आणि प्रत्येकाने दयेने हसून म्हटलं असतं, कशी आहेस लोर्ना. बॅज वाचवायचा तर खोटं बोलायचं. खरं बोललं की बॅज जातो. चांगला माणूस गरम रोल घेऊन हे समजावायला आला होता.

रोल मी कुत्र्याला घातले नाहीत, मी खाल्ले. नोरीनचा काय दोष.

गुरुवारी कोर्टाच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, तिघांची समिती बसली. अध्यक्ष ओपल स्ट्रिकलन. या बाईने अर्ध्या काउंटीला शाळेच्या बसमधून नेलंय, मीक्सला आणि मलाही. तिच्या डावी-उजवीकडे दोन पुरुष, एक अंत्यसंस्काराच्या दुकानाचा मालक आणि एक त्याचा मेहुणा. ते दोघे त्या दिवशी फारसे बोलले नाहीत, म्हणून त्यांची नावं घालून जागा अडवत नाही. व्हर्जिल कुबड्या टेबलाला टेकवून पहिल्या खुर्चीत. टेबलावर माझं पिस्तूल, रिकामं, शेजारी रिकामं मॅगझिन.

मीक्स उभा राहिला आणि ठरल्याप्रमाणे बोलला. चांगली डेप्युटी, कठीण प्रसंग, गडबडीत चुकीचं बटण. मग माझ्याकडे बघून थांबला. माझी पाळी होती. म्हणायचं होतं, हो.

“चुकीचं बटण नव्हतं,” मी म्हटलं. “बरोबर बटण होतं. पिस्तूल चुकीचं होतं.”

अंत्यसंस्कारवाला खोकला.

मी सगळं सांगितलं. पट्टी, अंगण, चिखल, घट्टा. मी बोलत असताना मीक्सचं तोंड तांबडं होत गेलं, आणि मी संपवल्यावर तो म्हणाला, “प्रशिक्षित माणसाला हातात काय आहे ते कळलं पाहिजे. नवं पिस्तूल आहे हे तिला माहीत होतं. तिने पिस्तूल होल्स्टरमध्ये दाबून धरायचं, नळी खाली वळवायची. मी असतो तर तेच केलं असतं. बटणाला हातसुद्धा लावला नसता.”

“नसता लावला?” ओपल म्हणाली.

“नाही, बाई.”

“मग दाखवा की, गार्लंड. मला बस चालवता येते, हे नाही. डोळ्यांनी बघितल्याशिवाय मला काही कळत नाही.”

मीक्स हसला. खरं सांगते, त्याला आनंद झाला होता. त्याला दाखवायला आवडतं, चांगला शिक्षक होता तो. त्याने पिस्तूल उचललं, आत बघितलं, रिकामं. ओपलला दाखवलं, मला दाखवलं. आमच्यात रिकामं पिस्तूलही समोरच्याच्या देखत पुन्हा बघायचं असतं, देणाऱ्याने सांगितलं तरी. मग मॅगझिन आत सरकवलं, पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये ठेवलं, पाय रोवले. “ये,” मला म्हणाला. “हळू.”

मी हळू गेले नाही.

मी त्याच्या अंगावर तशी गेले जसा तो पोरगा माझ्यावर आला होता, खांदा छातीत, दोन्ही हात मुठीवर. खुर्ची आडवी झाली. मीक्स अवजड माणूस आहे, पण साठीला आलाय आणि मी चिडलेली होते. पिस्तूल वर आलं. त्याचा श्वास माझ्या कानात घुसला. त्या एका क्षणी तो शेरीफ नव्हता, उमेदवार नव्हता, त्या अंगणातला सार्जंट होता, आणि त्याच्या अंगठ्याला निवडणूक वगैरे काही माहीत नव्हतं.

मॅगझिन टेबलाच्या कडेवर आपटलं आणि ओपलच्या कॉफीच्या कपात अर्धं घुसून उभं राहिलं.

मी पिस्तूल सोडलं. त्याच्या बोटांत ते तसंच राहिलं. व्हर्जिलने कुबडी उचलून खाली ठेवली, पुन्हा उचलली.

मीक्स अंगठ्याकडे बघत होता. दुसऱ्या कुणाचा तरी अंगठा त्याला लावून दिलाय तसा. “ते...” तो म्हणाला. “सवयीने झालं.”

“तिचं कशाने झालं?” ओपल म्हणाली.

हे वाक्य मी कितीही वेळा लिहून काढलं तरी मला पुरत नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग जिंकलीस. मीही पायऱ्या उतरताना तेच समजले होते. दुसऱ्या दिवशी निकाल आला: अपघात, दोष कुणाचाही नाही. बॅज परत. पगार चालू. अभिनंदन.

कुणाचाही नाही. हे कसं होतं ते मला कुणी समजावून सांगेल का? व्हर्जिलची मांडी आपोआप फुटली का? कंपनीने पट्टी काढली ती वाऱ्याने उडाली का? हौशी लोकांनी मागितलं त्यांचा दोष नाही, कंपनीने छापून सांगितलं तिचा नाही, शेरीफने डबे वाटले त्याचा नाही. मी तोंड बंद ठेवलं असतं तर मात्र दोषाला मालक मिळाला असता, आणि तेव्हा ‘कुणाचाही नाही’ हे शब्द कुणाला आठवले नसते. दोष म्हणजे आमच्याकडे रस्त्यावर मेलेल्या हरणासारखा आहे. ज्याच्या फाटकासमोर पडला त्यानेच उचलायचा, आणि फाटकात कुणी उभं राहून नाही म्हटलं की सगळे म्हणतात, हरीण नव्हतंच.

सोमवारी मीक्सने मला पिस्तूल परत दिलं. तेच, पुसून, तेल घालून. त्याच्या खोलीत आम्ही दोघंच होतो.

“बाकीच्यांचं काय?” मी विचारलं. “सगळ्यांच्या कमरेला हेच आहे आणि सगळ्यांचे अंगठे तुमच्या हाताखालून गेलेत.”

“नोव्हेंबरनंतर रीतसर शिक्षण ठेवू.”

“नोव्हेंबरपर्यंत कुणी कुणाच्या पिस्तुलावर हात टाकणार नाही असं ठरलंय का? सगळ्या दारुड्यांना कळवलंत?”

“लोर्ना.” त्याने डोळे मिटले. “आत्ता शिक्षण ठेवलं म्हणजे आधी ठेवायला हवं होतं असं होतं. समजून घे जरा.”

“समजलं. तेच समजलं.”

“काउंटीच्या नावाने काही करू नकोस.”

“नाही करत. व्हर्जिलच्या नावाने करते. त्याचं अंगण आहे, त्याची मांडी आहे.”

त्याने मनाई केली नाही. मनाई केली असती तर मी ती मोडली असती आणि मग त्याला मला काढावं लागलं असतं. हे त्यालाही माहीत होतं. मी दाराशी पोचले तेव्हा तो आपला अंगठा दुसऱ्या हाताने चोळत होता.

मी हजेरीला सगळ्यांसमोर सांगितलं, शनिवारी सकाळी व्हर्जिलकडे या, रिकामं पिस्तूल आणा, जुने कपडे घाला. निम्मे आले. न आलेल्यांतला एक जण माझ्या तोंडावर म्हणाला, “आमचे अंगठे शहाणे आहेत, बाई.” मी म्हटलं, शेरीफचाही होता. त्याने दुपारी बायकोला व्हर्जिलकडे मक्याची भाकरी घेऊन पाठवलं, स्वतः आला नाही. येईल किंवा कुणाच्या तरी मांडीत कळेल.

शिकवणं म्हणजे काय, उलटं शिकवणं. हात मुठीवर घट्ट, नळी खाली, अंगठा बोटांच्या वर गुंडाळून बंद. सांगायला एक वाक्य लागतं. करायला सबंध सकाळ गेली. ज्यांच्या अंगठ्यांना घट्टे होते त्यांची मॅगझिनं पावसासारखी गवतात पडत होती. सगळ्यात नव्या भरतीचं एकदाही पडलं नाही, कारण तिला कुणी कधी काही शिकवलंच नव्हतं. हसावं की रडावं.

व्हर्जिलने हल्लेखोर व्हायचा हट्ट धरला. एक कुबडी फेकली, दुसरी काखेत, आणि म्हणाला, “मला एकदा या बाजूने बघू दे.” त्याने माझ्यावर झडप घातली ती एका पायावर, सगळं वजन टाकून. मला माहीत होतं तो येणार. मला माहीत होतं पिस्तूल नवं आहे. ज्या गोष्टीवरून मी अख्ख्या काउंटीशी भांडले ती मला माझ्या नावाइतकी पाठ होती.

मॅगझिन गवतात पडलं.

आम्ही दोघेही खाली बघत राहिलो. व्हर्जिलचं तोंड माझ्या खांद्याशी होतं, धापा टाकत.

“पुन्हा लागली मला,” तो म्हणाला. “दुसऱ्या पायाला. उचल ते, पोरी, आणि परत ये.”